आमच्या माजघरांतील जपानी प्रेमकथा

कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, ही तक्रार आपल्या समाजांत सवाशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. कै. हरिभाऊ आपटे यांचें 'करमणूक' १८९० सालीं निघालें आणि त्यांतील गोष्टी माजघरापर्यंत पोंचूं लागल्या, तेव्हां ती होती. पुढें प्रो. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांचा बहर आला, तेव्हां तिला जोर चढला. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें, तेव्हां तर विभावरी शिरूरकर या नांवामागें कोण दडलें आहे, याचीच चर्चा गाजली. आज त्या तक्रारीचा रोख जपानकडे वळला आहे. हल्लींच्या मुली ज्या जपानी चित्रकादंबऱ्या वाचतात, ज्यांना 'मांगा' म्हणतात, त्यांतील प्रेमकथांविषयीं वडीलधाऱ्या मंडळींचा सूर तोच आहे. फरक इतकाच कीं, आपल्या आजोबांनीं निदान फडके चोरून वाचले होते. आजच्या वडील मंडळींनीं मांगाचें एक पानहि उलटलेलें नसतें.

मीं तीं पानें उलटलीं आहेत. आमचें घर नायगांवचें. नांदेडहून देगलुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें तालुक्याचें ठिकाण. माळवदाचा जुना वाडा, आणि लहानथोर मिळून चौदा माणसें. पुण्यास शिकणारी माझी पुतणी सुटींत येतांना असल्या पुस्तकांची पिशवी भरून आणते, आणि वसतिगृहांत जागा नाहीं म्हणून जातांना तीं येथेंच ठेवून जाते. फडताळांत आतां ज्ञानेश्वरीच्या खालच्या कप्प्यांत जपानी मंडळी राहावयास आलीं आहेत. गेल्या दोन वर्षांत मीं त्यांतील शंभरावर भाग इंग्रजी भाषांतरांतून वाचले असतील. त्यांवरून माझीं जीं मतें बनलीं, तीं येथें मांडीत आहें. सर्वांना तीं पटतील असें नाहीं. माझ्या पुतणीलाच निम्मीं पटत नाहींत.

हीं पुस्तकें आपल्या दृष्टीनें शेवटच्या पानापासून उघडावीं लागतात, आणि पानावरील चौकटीहि उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या असतात. इंग्रजी भाषांतरांतहि बहुधा हीच रीत राखलेली असते. घरांतील सर्वांचा पहिले दोन दिवस घोळ झाला. नाहीं झाला तो फक्त मामंजींचा. त्यांचें वय आज ब्याण्णव आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें, तेव्हां ते पंधरा वर्षांचे होते. तोंपर्यंतचें त्यांचें सारें शालेय शिक्षण निजामी रिवाजाप्रमाणें उर्दूंतून झालेलें. पुस्तक हातीं देतांच त्यांनीं तें बरोबर बाजूनें उघडलें, भिंग धरलें, आणि यांत अवघड तें काय, म्हणून आम्हांसच विचारलें.

या कथा मुळांत पुस्तकें म्हणून निघत नाहींत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. त्या मासिकांतून वा साप्ताहिकांतून क्रमशः येतात, आणि पुरेशीं प्रकरणें जमलीं म्हणजे त्यांचा एकेक भाग बांधून निघतो. 'पण लक्षांत कोण घेतो' ही आपली थोर कादंबरी याच वाटेनें 'करमणुकी'च्या अंकांतून बाहेर पडली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें 'मनोरंजन' १८९५ चें; जपानांत मुलींसाठीं 'शोजो सेकाई' हें मासिक निघालें तें १९०६ सालीं. म्हणजे एक अंक संपवून पुढल्या अंकासाठीं पोस्टमनाची वाट पाहणाऱ्या मुली दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळीं निपजल्या. पुढें वाटा फुटल्या. आपल्याकडे चित्रें मुखपृष्ठावर आणि मजकुराच्या कडेस राहिलीं. तिकडे चित्रांनीं मजकूरच पोटांत घेतला. १९५३ सालीं ओसामु तेझुका यांनीं राजपुत्राच्या वेषांत वाढणाऱ्या एका राजकन्येची दीर्घ कथा मुलींच्या मासिकांत काढली, आणि तेथून हा प्रवाह मोठा झाला. आरंभीं मुलींच्या या कथा बहुतांशीं पुरुषच काढीत. १९७० च्या सुमारास मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा या तेव्हांच्या तरुण स्त्रियांनीं लेखणी आणि कुंचला हातीं घेतला. इकेदाबाईंची 'वेर्साय नो बारा' ही फ्रेंच राज्यक्रांतीवरील कथा १९७२ सालीं एका साप्ताहिकांत सुरू झाली. पुरुषाच्या वेषांत वाढलेली, राजाच्या रक्षकदलाची अधिकारी झालेली ऑस्कर ही तिची नायिका. दोनच वर्षांत ती कथा रंगभूमीवरहि आली. प्रेमकथा लिहिणें हें स्त्रियांचें हलकें काम, असें ज्यांना वाटतें त्यांनीं ती एकदां वाचावी.

आतां चित्रांविषयीं. आईच्या पेटींतील जुन्या दिवाळी अंकांवरचीं दलाल-मुळगांवकरांचीं चित्रें पाहत मी वाढलें. त्या मानानें जपानी नायिकांचे कपाळापासून गालापर्यंत पसरलेले डोळे, आणि आनंदाच्या प्रसंगीं पानभर उमलणारे गुलाब, हें मला आजहि जरा अति वाटतें. पण एक गोष्ट मात्र मला या प्रकारांत अपूर्व वाटली. ती म्हणजे मौन. नायिका गप्प राहिली, हें सांगावयास कादंबरीकाराला शब्दच खर्चावे लागतात. येथें दोन पानें बिनशब्द जातात: पाऊस, रिकामा फलाट, पेल्यावरून निघणारी वाफ, वळविलेली मान. वाचणारीला आपोआप थांबावें लागतें. आपल्या घरांतील प्रेमहि पुष्कळसें असेंच नव्हतें काय? सासूसासऱ्यांसमोर नवराबायको एकमेकांशीं बोलत नसत. नांव तर घेतच नसत. उशिरां येणाऱ्यासाठीं झांकून ठेवलेलें ताट, एवढाच काय तो उच्चार. 'मी तुझ्यावर प्रेम करतों' हें वाक्य मराठींत आजहि भाषांतरित वाटतें. या जपानी कथांतील पात्रांनाहि तें सुचतां सुचत नाहीं. करुहो शिइना यांच्या 'किमि नी तोदोके' या कथेंत दोन भल्या, लाजाळू मुलांना मनांतलें बोलावयास भागांमागून भाग लागतात, आणि एकंदर तीस भाग होतात.

तीस भाग! येथें या प्रकाराचा मोठा दोषहि दिसतो. वाचकांची पसंती जोंवर आहे तोंवर संपादकाला कथा संपावयास नको असते. मग गैरसमजावर गैरसमज रचले जातात. पत्र पोंचत नाहीं, दाराशीं भलतीच मुलगी उभी राहते, आगगाडी निघून जाते. उलट कांहीं कथा अर्ध्यावरच राहतात. आइ याझावा यांची 'नाना' ही दोन मैत्रिणींची विलक्षण करुण कथा लेखिकेच्या आजारामुळें २००९ सालीं थांबली. माझी पुतणी अजून वाट पाहते.

माझा खरा राग आहे तो श्रीमंत, उर्मट नायकावर. योको कामिओ यांची 'हाना योरि दांगो' ही १९९२ सालीं सुरू झालेली कथा अत्यंत लोकप्रिय आहे. तिच्यावरून निघालेली २००९ ची कोरियन मालिका पुष्कळ घरांतील मुलींनीं पाहिली असेल. नांवांत एक मौज आहे. फुलें पाहण्यापेक्षां लाडू बरे, अशा अर्थाची एक जपानी म्हण आहे. तींतील लाडवाच्या शब्दाचा उच्चार तसाच ठेवून अक्षरें मात्र 'मुलगे' या अर्थाचीं लिहिलीं आहेत. तर या कथेंतील धनिकपुत्र शाळेंतील ज्याच्यावर खप्पा मर्जी होईल त्याच्या कपाटांत लाल चिठ्ठी लावतो, आणि मग सारी शाळा त्या मुलाच्या मागें हात धुऊन लागते. सामान्य घरांतील नायिकेचाहि तो असाच छळ करवितो, एकदां तर अंगाशीं झोंबण्यापर्यंत त्याची मजल जाते. आणि हाच पुढें तिचा प्रियकर ठरतो. माझ्या पुतणीचें म्हणणें असें कीं, नायिका मुकाट सोसत नाहीं, ती त्याला सडकून ठोसा लगावते, आणि त्यामुळेंच तो सुधारतो. ठोसा मलाहि आवडला. पण मुलगा त्रास देतो तो प्रेमापोटींच, आणि सोशिक मुलीच्या पायगुणानें तो माणसांत येतो, ही शिकवण आपल्या मुलींना आपणच पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. ती जपानहून पुन्हा मागविण्याचें कारण नाहीं. पुस्तकें कुलुपांत घालावीं असें माझें म्हणणें नाहीं. तीं मुलीबरोबर बसून वाचावींत, आणि अशा ठिकाणीं तिच्याशीं भांडावें.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं नात्सुकि ताकाया यांची 'फळांची टोपली' या अर्थाच्या नांवाची कथा (१९९८ ते २००६, तेवीस भाग) अवश्य पाहावी. आरंभीं ती बालिश वाटते: एका मोठ्या घराण्यांतील माणसांना शाप आहे, आणि परक्या भिन्नलिंगी माणसानें मिठी मारली कीं तीं उंदीर, बैल, वाघ अशीं होतात. मांजराला मात्र पंगतीला जागा नाहीं. उंदरानें जेवणाचा दिवस त्याला खोटा सांगितला, अशी लोककथा तिच्या मुळाशीं आहे. चार-पांच भाग गेल्यावर कळतें कीं हें सारें घराण्याविषयीं आहे. कर्त्याचें प्रेम कोठें संपतें आणि कर्त्याची सत्ता कोठें सुरू होते, घरांतील एकाला कायमचें दोषी ठरविल्यानें बाकीचे कसे एकत्र राहतात, हें ताकायाबाईंनीं असें दाखविलें आहे कीं, वाचतां वाचतां मला आमच्याच दोन पिढ्यांपूर्वीच्या एका काकांची आठवण झाली. त्यांचें ताटहि वेगळें मांडीत.

पण माझ्या मतें या सर्वांत श्रेष्ठ कथा रुमिको ताकाहाशी यांची 'मेझों इक्कोकु' ही होय. ती १९८० ते १९८७ या काळांत, मुलींच्या नव्हे तर तरुण पुरुषांच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, आणि तिचे पंधरा भाग झाले. कथेंतील काळहि वाचकांच्या काळाबरोबरच सरकत जातो. सात वर्षांत पात्रें सात वर्षांनीं मोठीं होतात. तोकियोंतील एक जुनाट, कुरकुरत्या जिन्याचें बिऱ्हाडघर. तेथें व्यवस्थापक म्हणून क्योको नांवाची तरुणी येते. परीक्षेंत नापास होऊन पुन्हा विश्वविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करणारा गोदाइ तेथें राहतो, आणि तिच्या प्रेमांत पडतो. मग कळतें कीं ती विधवा आहे. शाळेंतील आपल्या शिक्षकाशींच तिनें आईबापांचा विरोध पत्करून लग्न केलें, आणि तो वर्ष पुरें होण्याच्या आंतच वारला. हें घर तिच्या सासऱ्याच्या मालकीचें. सुनेचें मन रमावें म्हणून त्यानेंच तें काम तिला दिलेलें. तिच्या कुत्र्याला मृत नवऱ्याचेंच नांव पडलें आहे. वाचकाला त्या नवऱ्याचा चेहरा पंधरा भागांत एकदांहि दिसत नाहीं. चित्रांत तो सदैव सावलींत असतो. गोदाइ तिला वर्षानुवर्षें 'व्यवस्थापकबाई' म्हणूनच हांक मारतो, आणि ती त्याला आडनांवानें. आपल्या 'अहो'ची जात तीच.

हिंदु विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक कायद्यानें १८५६ सालींच मिळाली. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं गोदूबाईंशीं विवाह केला, तेव्हां मुरुडास त्यांच्यावर बहिष्कार पडला. हरिभाऊंची यमू त्याच सुमारास घरोघर रडवीत होती. त्यानंतर या विषयावर मराठींत किती लिहिलें गेलें याची गणती नाहीं. पण त्या लेखनांतील विधवा बहुधा दुःखाची मूर्ति तरी असते, नाहीं तर लेखकाचा पक्ष मांडण्याचें निमित्त तरी. क्योको तशी नाहीं. ती हट्टी आहे, मत्सरी आहे. गोदाइ दुसऱ्या मुलीबरोबर दिसला कीं आठ आठ दिवस त्याच्याशीं बोलत नाहीं, आणि आपल्याला राग कां आला हेंहि कबूल करीत नाहीं. दुसऱ्यावर प्रेम जडलें तर पहिलें प्रेम खोटें होतें काय, हा प्रश्न तिला छळतो, आणि लेखिका त्याचें घाईनें उत्तर देत नाहीं.

आमच्या घरीं माझी एक चुलत जाऊ आहे. २०२१ च्या उन्हाळ्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, तिचे यजमान गेले. तेव्हां ती एकतीस वर्षांची होती. मूलबाळ नाहीं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहे, सकाळीं एस्‌. टी. नें जाते, संध्याकाळीं येते, आणि आल्याबरोबर पदर खोंचून कामाला लागते. आम्हीं तिला कांहीं कमी केलें नाहीं, असें आम्ही म्हणतों. कुंकू पुसावयास कोणी सांगितलें नाहीं. पण तिच्या पुढील आयुष्याविषयीं इतक्या वर्षांत घरांत कोणी एक शब्द काढला नाहीं, हेंहि खरें. तिच्या माहेरची मंडळी विषय काढतात, आणि माझे चुलतसासरे पाऊसपाण्याकडे वळतात. एकुलता मुलगा गेलेला बाप. त्यांना तरी काय म्हणावें? हें सारें मी तिला विचारून, तिच्या संमतीनेंच लिहीत आहें.

तिनें 'मेझों इक्कोकु'चे पंधराहि भाग आठ दिवसांत वाचले. शेवटचा भाग परत देतांना ती एवढेंच म्हणाली, "वहिनी, ही बाई चिडते, हें मला फार बरें वाटलें."

पुढें काय झालें तें सांगतें. मामंजींचे डोळे आतां फार काम करीत नाहींत. म्हणून रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर बसून मी त्यांना ती कथा मराठींत सांगूं लागलें. चित्र आलें कीं ते भिंगाखालीं पाहतात, आणि पुढें चला म्हणतात. पलीकडच्या चौकांतून चुलतसासरेहि येऊन बसूं लागले. जाऊबाई आंत भाजी निवडीत असते. तिला सारें ऐकूं जातें, आणि तें तिला ऐकूं जातें हें सर्वांना ठाऊक असतें. क्योकोचा बाप तिला माहेरीं परत ये म्हणून हटून बसलेला, आणि तिचा सासरा तिला बांधून न ठेवतां, तूं तरुण आहेस, आमच्यासाठीं अडकून राहूं नकोस, असें सुचवितो, हा मजकूर आला त्या रात्रीं मामंजींनीं मला थांबविलें.

"हें कोण म्हणतो? सासरा?"

"होय, सासरा."

"पुन्हा वाचा."

मीं पुन्हा वाचलें. चुलतसासरे चष्मा काढून पुसूं लागले. थोड्या वेळानें म्हणाले, "जपानांत असेल तसें."

मामंजी म्हणाले, "अरे, जपानांतहि सासरे सासरेच असतात."

दुसऱ्या रात्रीं चुलतसासरे येणार नाहींत असें मला वाटलें होतें. ते नेहमींच्या वेळीं आले आणि आपल्या जागीं बसले.

पंधराव्या भागांत काय आहे हें मी वाचकांना सांगून टाकतें, कारण ज्यांना ही कथा मिळणार नाहीं असेच वाचक अधिक. लग्न ठरल्यावर क्योको नवऱ्याच्या जपून ठेवलेल्या वस्तु सासऱ्याकडे परत द्यावयास जाते. त्याच दिवशीं गोदाइ एकटाच त्या मृत माणसाच्या थडग्याशीं जाऊन त्याच्याशीं बोलतो. तूं तिच्या मनांतून जाणार नाहींस, म्हणून तुझ्यासकटच मी तिला घरीं नेतों, असा त्या बोलण्याचा आशय आहे. आणि तें क्योको आडून ऐकते. तिनें गोदाइकडून लग्नासाठीं एकच वचन घेतलेलें असतें: माझ्यापेक्षां एक दिवस तरी अधिक जग.

आमचे चौदा भाग झाले आहेत. पंधरावा मामंजींनीं राखून ठेवावयास सांगितला आहे. दिवाळीच्या सुटींत पुतणी आली म्हणजे तिनें तो वाचावा असें त्यांचें म्हणणें, कारण तिचें इंग्रजी माझ्यापेक्षां बरें आहे, आणि त्या वेळीं जाऊबाईचे वडीलहि चार दिवस येथें येणार आहेत. त्यांना बोलावण्याचें पत्र चुलतसासऱ्यांनीं स्वतः लिहिलें. परवां त्यांनीं मला विचारलें कीं, शेवटच्या भागाचीं पानें किती. मीं सांगितलें, दोनशेंच्या आसपास.